जन्मठिकाण : मोगलाई

आपल्या घराण्याचा इतिहास शोधावा अशी बुद्धी मला झाली ती काही थोर हेतूने नव्हे. बी.ए. झाल्यावर बी.एड.ला जायचे आणि त्यासाठी जात-पडताळणीचे प्रमाणपत्र लागते, एवढेच कारण. आम्ही पद्मशाली. महाराष्ट्रात आमचा समावेश विशेष मागास प्रवर्गात होतो, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले कुटुंब या राज्यात राहात होते, असा कागद दाखवावा लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या तेलुगू माणसाला "तू इथला केव्हापासून?" असे विचारणे म्हणजे सिद्धेश्वराच्या तळ्याला "तू पाण्याचे केव्हापासून?" असे विचारण्यासारखे आहे. पण सरकारला तळे चालत नाही, उतारा लागतो.

आजोबांच्या शाळेचा उतारा दोन दिवसांत मिळाला. १९५१ सालचा. जन्मठिकाण सोलापूर. माझे काम तेवढ्यावर भागत होते. पण वडील म्हणाले, "जितका जुना, तितका चांगला. पणजोबांचा मिळतो का बघ." पणजोबा दोनच वर्षे शाळेत गेले होते. कोणत्या शाळेत, हेही आजोबांना अंदाजानेच ठाऊक होते. तरी एका जुन्या शाळेतल्या वयस्क कारकुनांनी, कपाळावर आठी न घालता, माळ्यावरचे रजिस्टर काढून दिले. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण मधला मजकूर शाबूत. १९२४ साल, वय वर्षे आठ. आमच्या आडनावातले जोडाक्षर मास्तरांनी सोडवून सुटे केलेले. जात, 'पद्मसाळी'. आणि जन्मठिकाणाच्या रकान्यात ठसठशीत बोरूने लिहिलेला एकच शब्द : मोगलाई.

आजच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की सोलापूरची जुनी माणसे निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणत. सोलापूरहून तुळजापूरला निघाले, की थोड्याच वेळात मोगलाई लागे. आणि तिथून ती सुरू झाली की पार वरंगळच्याही पलीकडे जाई. १९४८ साली ते राज्य संपले, तेव्हा त्याचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल होता. म्हणजे माझे पणजोबा ८२ हजार चौरस मैलांत कुठेतरी जन्मले होते. मास्तरांना त्याहून बारीक तपशील हवासा वाटला नाही. आणलेल्या माणसाने तो सांगितला नसेल, किंवा सांगितला तो मास्तरांना लिहिता आला नसेल.

मी घरी येऊन आजोबांना विचारले, "तात, आपले गाव कोणते?" (आम्ही आजोबांना तात म्हणतो, आजीला नानम्मा.) ते म्हणाले, "मोगलाईतलं." हे तर रजिस्टरलाही माहीत होते!

आजोबांना गाव ठाऊक नव्हते. गोष्ट मात्र ठाऊक होती, आणि ती आमच्या साऱ्या गल्लीला पाठ आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. त्या दिवशी पुरुष नवे जानवे घालतात, पाहुणेरावळे येतात, आणि जेवणे झाली की आजोबा ती गोष्ट सांगतात. मानमोडीच्या साथीत गावे ओस पडली. तेव्हा खापरपणजोबांनी आपला माग डोक्यावर घेतला, बायकोच्या कडेवर दोन वर्षांचे पोर दिले, आणि चालत सोलापूर गाठले. "कुणाच्या दारात हात पसरला नाही. आपला माग, आपला धंदा!" असे म्हणून ते मांडीवर थाप मारतात. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. पणजोबांचे रजिस्टरमधले वय त्याच्याशी बरोबर जुळत होते. म्हणून बाकीची गोष्टही मी खरी धरून चालले.

मग मी ग्रंथालयात बसू लागले. धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराची पाहणी केली होती. तिच्यावरचे इंग्रजी पुस्तक १९६५ साली निघाले. ते मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. जोडीला जे मिळेल ते वाचले. त्यातून आपल्याच गावाचे एक चित्र हळूहळू दिसू लागले. १८६० साली रेल्वे सोलापुरात आली. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. गिरणीचे सूत आले म्हणजे हातमाग बुडणार, असे आपण शाळेत शिकतो. सोलापुरात उलट गिरणीच्या सुतावर हातमाग वाढले. लुगडी विणणारे कारखाने पेठापेठांतून उभे राहिले. कारखाना म्हणजे काही धुराड्याची इमारत नव्हे. पत्र्याच्या एका लांब खोलीत आठ-दहा माग, आणि त्यांच्याच आजूबाजूला विणकरांचे बिऱ्हाड. पुरुष मागावर, बायका-मुले कांड्या भरायला. माग कारखानदाराचा, सूत कारखानदाराचे. विणकर आणायला माणूस मोगलाईत जाई आणि उचल देई. उचल घेतलेला विणकर तिच्यात बांधला जाई. उचल फिटेपर्यंत ती त्याच्या नावावर 'बाकी' राही, आणि फिटण्याआधीच एखादे आजारपण किंवा लग्न निघे.

हे वाचताना मला पहिल्यांदा चुकल्यासारखे झाले. सगळ्यांचे माग कारखानदाराचे, मग आमचाच तेवढा डोक्यावरून आलेला कसा?

खरे म्हणजे पुरावा आमच्या देव्हाऱ्यातच होता. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पूर्वी फणी, धोटे, कात्री असे सगळे मांडत. आता एक जुना लाकडी धोटा तेवढा उरला आहे. खापरपणजोबांनी गावाहून आणलेला म्हणून तो वर्षभर देवाशेजारी असतो. वीस वर्षे मी त्याला हळदकुंकू वाहिले, पण हातात घेऊन पाहिला नव्हता. या वेळी पाहिला. गुळगुळीत, हलका, होडीच्या आकाराचा. आमच्या शेजारी टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या जाणत्या विणकराला मी तो दाखवला. त्याने तो तळहातावर तोलला आणि म्हणाला, "हा हाताने फेकायचा धोटा. याला टोकाला लोखंड कुठं आहे? दोरी ओढून धोटा पळवायच्या मागावर हा चालायचाच नाही, पहिल्या फटक्याला फुटेल. सोलापूरचे माग दोरीचे. हा इथं कुणी वापरलेला नाही बघ."

म्हणजे खापरपणजोबा जे हत्यार घेऊन आले, ते सोलापुरात पाय ठेवताक्षणी निकामी झाले होते. विणण्यात वय गेलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले असणार. तो धोटा झिजला नाही, फुटला नाही, म्हणूनच देवापाशी पोचला. रोज वापरात असता तर केव्हाच चुलीत गेला असता.

गाव मात्र अजून सापडत नव्हते. पुरुषांच्या कागदांवर ते नव्हतेच. ते सापडले नानम्माच्या एका सहज बोलण्यातून.

माझ्या थोरल्या भावाला नुकताच मुलगा झाला आहे. त्याच्या जावळाचा विषय निघाला तेव्हा नानम्मा म्हणाली, "पहिले केस राजन्नाचे. इथं आपण सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी काढतो ते उसने." मी विचारले, "उसने म्हणजे?" तिच्या सासूने, म्हणजे माझ्या पणजीने, तिला सांगितले होते. आपला देव राजन्ना. त्याचे केस त्याच्या दारात द्यायचे आणि त्याला वळू फिरवायचा. पण ते लांब, पैसा नाही, म्हणून तूर्त इथे द्यायचे आणि मनात म्हणायचे, की हे उसने आहेत, फेडू. पणजीलाही ते तिच्या सासूने सांगितले होते. "मग फेडले का कुणी?" "कुणी नाही," नानम्मा म्हणाली आणि भाकरी थापू लागली. तिच्या लेखी राजन्ना हा देव होता. तो कुठल्या गावाचा, हे तिला कधी कुणी विचारले नव्हते. तिच्याकडे काही माहिती असेल असे आम्हा शिकलेल्यांपैकी कुणाला वाटले नव्हते, आणि यात मीही आले.

वळू फिरवण्याच्या नवसावरून पुढचे काम सोपे झाले. तेलंगणात वेमुलवाड्याला राजराजेश्वराचे मोठे देवस्थान आहे. लोक त्याला राजन्ना म्हणतात. तिथे वळूला देवळाभोवती प्रदक्षिणा घालून तो देवापाशी बांधण्याचा नवस असतो. त्याला 'कोडे मोक्कु' म्हणतात. आणि वेमुलवाड्यापासून जवळच, मानेर नदीकाठी, विणकरांचे मोठे गाव आहे, सिरसिल्ला. पूर्वी ते करीमनगर जिल्ह्यात होते. २०१६ सालापासून तो वेगळा जिल्हा झाला आहे आणि त्याच्या नावातच राजन्ना आहे.

दिवाळीच्या सुट्टीत वडील आणि मी निघालो. हैदराबादपर्यंत रेल्वे, पुढे बस. खापरपणजोबा बहुधा याच वाटेने उलटे आले असतील, असा मी नकाशावर तर्क केला होता. सिरसिल्ल्याहून चालत कामारेड्डी, तिथून गाडीने सिकंदराबाद, मग वाडीमार्गे सोलापूर. सिकंदराबाद-वाडी लोहमार्ग १८७४ सालीच झाला होता, आणि कामारेड्डीवरून जाणारा १९००च्या सुमारास. म्हणजे 'चालत सोलापूर गाठले' हेही थोडे सैल होऊ लागले होते. गोष्टीतला एकेक धागा असा निघत चालला, की मला आजोबांविरुद्ध काही कट करत असल्यासारखे वाटू लागले.

सिरसिल्ल्यात उतरल्यावर पहिल्यांदा आला तो आवाज. खटखट, खटखट, गल्लीगल्लीतून. वडील थांबले आणि म्हणाले, "अगं, हे तर अशोक चौकात उतरल्यासारखं वाटतंय." पॉवरलूमचा आवाज सगळीकडे सारखाच असतो म्हणा. पण तोच आवाज ऐकत झोपणारी माणसे आपल्याला परकी वाटत नाहीत. भाषेचे मात्र हसे झाले. आम्ही घरी तेलुगू बोलतो, लिहिता-वाचता येत नाही. आमच्या तेलुगूत 'की' आणि 'मग' इतके शिरले आहेत, की चहावाला पोरगा हसून विचारू लागला, "तुम्ही कुठले?" शेजारी बसलेले म्हातारे मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "षोलापुरम. आमची आजी असंच बोलायची."

घराण्याचे नाव विचारत आम्ही दोन दिवस फिरलो. तेलुगू माणसाचे घराण्याचे नाव आधी येते, स्वतःचे मागून, त्यामुळे विचारणे सोपे जाते. एकाने सांगितले, की पद्मशालींची पुराणकथा सांगणारे कूनपुली लोक असतात, त्यांना विचारा. ते चेरियालच्या चित्रकारांनी रंगवलेला लांबलचक पट उलगडतात आणि मार्कंडेय, त्यांचे पुत्र भावनाऋषी, कमळाच्या देठातून काढलेला पहिला धागा, असे सगळे क्रमाने सांगतात. वडील म्हणाले, "भावनाऋषींपर्यंतचे आम्हालाही माहीत आहे. त्यांच्यानंतर आणि आमच्या पणजोबांच्या आधी कोण होते, तेवढेच हवे आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी एका घरासमोर म्हातारे गृहस्थ सुताच्या लडी उन्हात घालत होते. वडिलांनी घराण्याचे नाव सांगितले. ते तसेच लड हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "षोलापुरमला गेलेल्याचे तुम्ही?"

खापरपणजोबांना एक धाकटा भाऊ होता, हे आम्हाला तेव्हा कळले. हे गृहस्थ त्याचे नातू. म्हणजे आजोबांचे चुलत भाऊ, माझे चिन्नतात. त्यांनी आम्हाला घरात नेले, पाणी दिले, आणि गोष्ट सांगितली. त्यांच्या घरातही एक गोष्ट होतीच, आणि तीही अशीच पाठ झालेली.

मानमोडीत घरातली तीन माणसे गेली. त्यानंतर सोलापूरहून एक माणूस आला आणि त्याने साठ रुपये उचल दिली. थोरल्याने तीस रुपये आईच्या हातावर ठेवले, तीस वाटखर्चाला घेतले, आणि "दोन वर्षांत येतो" म्हणून बायको-पोराला घेऊन गेला. धाकटा तेव्हा चौदा वर्षांचा. काही वर्षे मनीऑर्डर आली. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा भेदरून तो सगळ्यांना घेऊन परत आला आणि पावसाळाभर राहिला. आईला वाटले, आला तो आला. पण एका पहाटे पाहिले तर अंथरुणे रिकामी. त्यानंतर ना मनीऑर्डर, ना निरोप. आई गेली तेव्हा तार कुणाच्या पत्त्यावर करायची, हे कुणाला ठाऊक नव्हते.

चिन्नतातांनी विचारले, "तो परत का आला नाही?" रागाने नव्हे. खरोखरच माहिती हवी म्हणून विचारले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी जमिनीकडे.

थोड्या वेळाने, काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "आमच्या घरी सांगतात की त्यांनी इथून माग नेला. डोक्यावरून."

चिन्नतात पहिल्यांदा हसले. आम्हाला पुढच्या खोलीत घेऊन गेले. तिथे दोन पॉवरलूम चालू होते. एकाच्या पायाशी त्यांनी बोट दाखवले. फरशीचा तेवढा चौकोन वेगळ्या रंगाचा होता. "इथं खड्डा होता. खड्ड्यात पाय सोडून विणायचं. खांब जमिनीत पुरलेले. माग म्हणजे हे घरच होतं की. ते डोक्यावर घेऊन कोण जाईल?" त्या मागावर धाकट्या भावाने जन्मभर विणले. खड्डा बुजवला तो पॉवरलूम आला तेव्हा.

रात्री त्यांनी जेवायला ठेवून घेतले. निघताना वडील वाकून नमस्कार करू लागले, तर त्यांनी धरले आणि म्हणाले, "तीस रुपये अजून येणं आहे बरं का." सगळे हसले, वडील सोडून.

परतीच्या गाडीत आम्ही दोघे फारसे बोललो नाही. वडिलांचे म्हणणे, की तातांना यातले काही सांगू नये. वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर सांगितलेली गोष्ट, कशाला मोडायची? मला ते पटत होते आणि नव्हतेही. मोगलाई खोडून त्या रकान्यात सिरसिल्ला लिहायला मी गेले होते. आता लिहायचे, तर त्याच्यासोबत उचल, बाकी, आणि पहाटे रिकामी झालेली अंथरुणेही लिहावी लागणार होती.

घरी पोचलो तर आजोबा ओट्यावर वाटच पाहात होते. "सापडलं?" "सापडलं, तात. सिरसिल्ला." त्यांनी ते नाव दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. मग एकदम विचारले, "खड्डा आहे का अजून?"

मी गप्प. वडीलही गप्प.

"बुजवला असेल," तेच म्हणाले. "चाळीस वर्षं मी मागावर काढली. चादरीचा माग जोडला, उकलला. माग डोक्यावर येत नाही, एवढं मला कळत नाही होय गं?"

"मग तुम्ही दरवर्षी..."

"माझा बाप गेला तेव्हा मी बारा वर्षांचा. त्यानं मला बाकी सांगितली. त्याच्या बापाची बाकी त्याच्यावर आली होती, त्याची माझ्यावर आली. कारखानदाराच्या वहीत तीन पिढ्या एकाच पानावर. ती मी विसाव्या वर्षी फेडली. आता पौर्णिमेला पंगत बसल्यावर लोकांना काय सांगू, बाकी? म्हणून माग सांगितला. बापानं काहीतरी आणलं असं पोरांना वाटायला नको?"

नानम्मा दारातून ऐकत होती. तिलाही यातले काही ठाऊक नसावे. निदान तिच्या चेहऱ्यावरून तरी तसे दिसले.

मी त्यांना धाकट्या भावाचे सांगितले, आईचे सांगितले, १९३० सालचे सांगितले. ते भावाचे त्यांना माहीत नव्हते. तीस रुपयांचे सांगितले तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्याने ओट्यावरची माती उकरत राहिले.

पडताळणीच्या अर्जाला वंशावळीचे शपथपत्र जोडावे लागते. मी ते लिहायला बसले : खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, मी. सरळ खाली उतरणारी एक रेघ. आजोबा चष्मा लावून शेजारी बसले होते. म्हणाले, "त्या भावाचं नाव घाल." मी सांगितले, की तशी गरज नाही. फक्त आपल्या बाजूचे चालते, जास्त नावे असली तर उगाच प्रश्न विचारतील. ते ऐकेनात. शेवटी मी दोन प्रती केल्या. एक कचेरीसाठी. दुसरीत खापरपणजोबांशेजारी आडवी रेघ ओढून धाकट्या भावाचे नाव लिहिले, त्याखाली चिन्नतातांपर्यंतची नावे. वर त्या दोघांच्या आईचे नाव घालायचे होते. ते विचारायचे आम्ही सिरसिल्ल्यात विसरलो होतो. तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. ती प्रत आता देव्हाऱ्यात धोट्याखाली आहे.

माझा अर्ज गेला. त्याचे जे व्हायचे ते होईल. भावाच्या मुलाचे जावळ या माघात काढायचे ठरले होते, तळ्यापाशी, नेहमीसारखे. आजोबांनी ते पुढे ढकलायला लावले आहे. काल ते मला विचारत होते, की सोलापूरहून थेट बस आहे का, की हैदराबादला उतरावेच लागते. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. आणि जाताना तिकडच्यांसाठी एक चादर घ्यायची, तर ती दुकानातून आणलेली चालेल का.